दसऱ्याचे ग्रंथपूजन आणि वाचन प्रेरणा दिन : वाचनालयाने काय करावे?

प्रश्न
नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयात दसऱ्याला ग्रंथपूजन होते. जुने ग्रंथ चौरंगावर मांडून त्यांना हळदकुंकू व झेंडूची फुले वाहतात आणि त्या दिवशी देवघेव बंद असते. यंदा तरुण सभासदांनी सुचवले आहे की, दसरा आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन एकत्र साजरे करून मुलांना त्याच दिवशी पुस्तके हाताळू द्यावीत. पूजेतले पुस्तक उचलायचे नसते, असे ज्येष्ठांचे म्हणणे आहे. कोणाचेही मन न दुखवता मार्ग कसा काढावा?

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल)
सरस्वतीचे आवाहन मूळ नक्षत्रावर आणि विसर्जन श्रवणावर होते, तोवर पूजेतील पुस्तके वाचायची नाहीत, ही जुनी रीत आहे. मात्र ती मांडलेल्या पुस्तकांपुरतीच मानावी, असे मला वाटते. माझी खरी काळजी कुंकवाची आहे. आमच्याकडे मासिकांच्या एका बांधीव खंडाच्या कापडी पुठ्ठ्यावर ओले कुंकू पडले, ते आत मुरले आणि पहिल्या चार पानांवर तांबूस वर्तुळे उमटली. ती आजही तशीच आहेत. तेव्हापासून आम्ही पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिचीच पूजा करतो आणि ग्रंथ मागे, कोरड्या वस्त्रावर ठेवतो. आपट्याची पानेही पुस्तकात ठेवू देऊ नका.

उत्तर २ (शिक्षिका)
पाटीची कल्पना उत्तम आहे. ती सरस्वती मुलांकडूनच काढून घ्यावी. परंतु दोन्ही दिवस एकत्र करू नयेत. दसरा तिथीने येतो, तर डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त २०१५ पासून साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन ठरलेल्या तारखेलाच असतो. त्या दिवशी प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचे एक पान मोठ्याने वाचावे. पुढे दिवाळी अंक मांडताना १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या दिवाळी अंकाच्या परंपरेची माहितीही त्यांना सांगता येईल.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल कार्यकारिणीने पाटीपूजनाला मान्यता दिली. देवघेव दुपारी चारनंतर सुरू करावी, असे सर्वांत ज्येष्ठ सभासदांनीच सुचवले. पाट्या जमवणे सुरू आहे. आतापर्यंत अकरा मिळाल्या, त्यांपैकी दोन लाकडी चौकटीच्या, दगडी आहेत.