गुरुत्वाकर्षणावरील दोन दिवसांची विभागीय परिषद: नियोजनाबाबत मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभागातील प्राध्यापक, मराठवाडा)

नमस्कार. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्याकडे एम.एस्सी.ला येणारी मुले गुरुत्वीय लहरींविषयी स्वतःहून विचारू लागली आहेत. परंतु या विषयात संशोधन करणारी माणसे त्यांना एका जागी क्वचितच भेटतात. पुण्याला किंवा मुंबईला जाऊन मोठी परिषद ऐकावी, तर तिथे आपण मागच्या रांगेतले प्रेक्षक आहोत असे वाटून ती गप्प बसतात.

म्हणून मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र आणि गोवा येथील संशोधक व विद्यार्थी मिळून साठ-सत्तर जणांची दोन दिवसांची परिषद आमच्या महाविद्यालयात घ्यावी असा विचार आहे. प्राचार्यांनी संमती दिली आहे, मात्र त्यांच्या मनातील आराखडा नेहमीचा आहे: उद्घाटन, तीन बीजभाषणे, दुपारनंतर समांतर सत्रांत निबंधवाचन आणि शेवटी आयएसबीएन क्रमांकासह निबंधसंग्रह. या आराखड्यात विद्यार्थ्याच्या वाट्याला चारनंतरची दहा मिनिटे येतात, आणि तोवर सभागृह अर्धे रिकामे झालेले असते. ज्यांनी अशा परिषदा घेतल्या आहेत त्यांनी कार्यक्रमाची रचना, तारखा आणि खर्च यांबाबत आपले मत द्यावे, ही विनंती.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, सापेक्षता सिद्धांत, पुणे)

सर, आपल्याला ज्या प्रकारची परिषद हवी आहे तिची परंपरा अमेरिकेतील सापेक्षतावाद्यांनी अनेक वर्षे चालवली आहे. पॅसिफिक कोस्ट ग्रॅव्हिटी मीटिंग आणि मिडवेस्ट रिलेटिव्हिटी मीटिंग या तिथल्या विभागीय बैठका आहेत आणि त्याच धर्तीवर ब्रिटनमध्ये ब्रिटग्रॅव्ह भरते. तिथे बीजभाषणांना महत्त्व नसते. ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू दिले जाते, नामवंत प्राध्यापकाला आणि पहिल्या वर्षाच्या संशोधक विद्यार्थ्याला जवळपास सारखाच वेळ मिळतो, आणि सगळे एकाच सभागृहात बसून सगळ्यांचे ऐकतात. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा गुरुत्वाकर्षण विभाग या बैठकांमधील उत्कृष्ट विद्यार्थी-व्याख्यानाला पारितोषिकही देतो.

हे आपल्याकडे जमेल का, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. बारा मिनिटे व्याख्यान आणि तीन मिनिटे प्रश्न असे धरले तर तासाला चार जण बोलतात. सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेपाच या वेळेतून जेवणाचा एक तास आणि चहाची दोन अर्ध्या तासांची मध्यंतरे वजा केली की सहा तास उरतात, म्हणजे दिवसाला चोवीस आणि दोन दिवसांत अठ्ठेचाळीस व्याख्याने. साठ-सत्तर जणांत बोलू इच्छिणारे याहून जास्त निघणे कठीण. निघालेच तर त्यांना पोस्टर द्यावे. समांतर सत्रांची गरजच पडत नाही, आणि माझ्या मते ती कटाक्षाने टाळावीत, कारण समांतर सत्र ठेवले की मार्गदर्शक आपापल्या विद्यार्थ्यापुरते येतात आणि बाकीच्यांचे न ऐकताच उठून जातात.

चहाचे मध्यंतर मात्र अर्ध्या तासाहून कमी करू नये. जानेवारी १९५७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल येथे गुरुत्वाकर्षणावर जी परिषद झाली तिला चाळीसेक अभ्यासकच होते. गुरुत्वीय लहरी ऊर्जा वाहून नेतात की तो केवळ गणिती आभास आहे, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. तिथल्या चर्चेत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी दांडीवर सरकणाऱ्या मण्यांचा युक्तिवाद मांडला: लहर आली की मणी दांडीवर मागेपुढे घासतील, घर्षणाने दांडी तापेल, आणि ती उष्णता लहरीखेरीज दुसरीकडून येणार नाही. असे काही सुचायला माणसांच्या हातात थोडा मोकळा वेळ आणि शेजारी एक फळा असावा लागतो, तेव्हा चहाच्या जागी एक फळा नक्की ठेवावा.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. विदर्भ-मराठवाड्यात सापेक्षतेवर काम करणारे कितीतरी जण भौतिकशास्त्र विभागात नसून गणित विभागात आहेत. बियांकी प्रतिमाने (विश्वाची एक प्रकारची गणिती प्रतिमाने), आइन्स्टाइन समीकरणांच्या अचूक उकली, सुधारित गुरुत्वाकर्षणातील विश्वरचना यांवर त्यांचे सातत्याने लेखन चालू असते. दुसरीकडे, गुरुत्वीय लहरींच्या विदेचे (डेटाचे) विश्लेषण करणारी तरुण मंडळी पुण्या-मुंबईच्या संस्थांत असतात आणि या दोन गटांची गाठ सहसा पडत नाही. आपले निमंत्रणपत्र फक्त भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांना गेले तर निम्मे अभ्यासक बाहेर राहतील. सत्रांची विभागणीही ‘सिद्धांत’ आणि ‘निरीक्षण’ अशी करू नये, मिसळून करावी.

उत्तर (महाविद्यालयीन परिषदांचे संयोजन केलेले एक सहकारी, विदर्भ)

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु उद्घाटन रद्द करण्याचा सल्ला मी देणार नाही. सभागृह, वसतिगृह आणि बस ही संस्थेची असते; संस्थाचालकांना व्यासपीठावर बोलावले नाही तर पुढच्या वर्षी परवानगी मागण्याची सोय उरत नाही. आम्ही दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ हे सर्व पहिल्या दिवशी सायंकाळी सहा वाजता नेले आणि त्याला जोडून गावातील लोकांसाठी मराठीत एक जाहीर व्याख्यान ठेवले. पाहुण्यांना भरलेले सभागृह मिळाले, शाळांचे शिक्षक आले, आणि सकाळी साडेनऊला पहिला विद्यार्थी बोलायला उभा राहू शकला. सत्काराचे दोन तास सकाळी ठेवले असते तर आपल्या वरच्या हिशेबातील आठ व्याख्याने तिथेच गेली असती.

निबंधसंग्रहाच्या फंदात पडू नये. पैसे घेऊन आठवड्याभरात आयएसबीएन लावून देणारे प्रकाशक पुष्कळ आहेत, पण असा निबंध विद्यार्थ्याच्या पुढच्या अर्जात कोणी गंभीरपणे घेत नाही. गोषवाऱ्यांची पुस्तिका आणि संमती देणाऱ्यांची सादरीकरणे संकेतस्थळावर, एवढे पुरेसे आहे.

खर्चासाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठीय संस्थेकडे आधी विचारणा करावी, कारण विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्याबरोबर कार्यशाळा घेणे हा तिच्या कामाचाच भाग आहे, आणि तिचे अभ्यागत सहयोगी असलेले प्राध्यापक आपल्या भागात असतील तर त्यांच्यामार्फत बोलणे सोपे जाते. अर्ज काही महिने आधी जायला हवा.

तारखांचे म्हणाल तर फेब्रुवारी टाळावा: गेट आणि जॅम या परीक्षांमुळे हुशार मुले नेमकी तेव्हाच येत नाहीत. गणेशोत्सव आणि नवरात्र यांच्यामधल्या पितृपंधरवड्याचा विचार करावा. त्या काळात लग्नकार्ये नसल्याने आचारी, लॉज आणि गाड्या सहज मिळतात.

उत्तर (संशोधक विद्यार्थिनी, गोवा)

नमस्कार सर. विद्यार्थ्यांच्या बाजूने काही गोष्टी सुचवते. गोषवारा स्वीकारल्याचे पत्र निदान सहा आठवडे आधी मिळावे. ते पत्र जोडल्याशिवाय विभागाकडून प्रवासखर्चाची मंजुरी मिळत नाही, आणि मंजुरी येईपर्यंत रेल्वेचे आरक्षण प्रतीक्षायादीत गेलेले असते. गोव्याहून किंवा कोल्हापूरहून मराठवाड्यात येणाऱ्या मुली बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे पोहोचतील. स्थानकावरून वसतिगृहापर्यंत कोण आणणार आणि त्या वेळी दार कोण उघडणार, हे परिपत्रकात लिहिलेले असले तर घरून परवानगी मिळणे सोपे होते. नोंदणी शुल्क घ्यायचेच असेल तर ते प्राध्यापकांकडून घ्यावे आणि विद्यार्थ्यांना माफ करावे.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या संशोधकांकडे निष्कर्ष नसतात, म्हणून ते नाव देत नाहीत. ‘अपूर्ण काम किंवा न सुटलेला प्रश्न मांडला तरी चालेल’ असे निमंत्रणात स्पष्ट लिहावे. सत्राध्यक्षपदही विद्यार्थ्यांना द्यावे. ज्येष्ठ प्राध्यापकाला वेळ संपल्याचे सांगताना सुरुवातीला संकोच वाटतो, परंतु घंटा सगळ्यांसाठी एकच असेल तर कोणी रागावत नाही. सगळ्यांची सादरीकरणे आदल्या रात्री पीडीएफ स्वरूपात एकाच लॅपटॉपवर घ्यावीत, नाहीतर प्रत्येक नव्या लॅपटॉपची प्रोजेक्टरशी ओळख करून देण्यातच पंधरापैकी पाच मिनिटे जातात.

एम.एस्सी.च्या मुलांसाठी विदेवर प्रत्यक्ष काम करण्याचे सत्र ठेवता आले तर फार चांगले. अमेरिकेतील लायगो वेधशाळांची विदा सर्वांना खुली आहे. १४ सप्टेंबर २०१५ च्या, गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीची ३२ सेकंदांची फाइल, सेकंदाला ४,०९६ नमुने या दराची, जेमतेम एक एमबीची असते. ती आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर वाटावी, सभागृहाच्या वायफायवर चाळीस जणांनी एकदम उतरवायला घेऊ नये. कच्च्या विदेचा आलेख काढला तर त्यात काहीच दिसत नाही, नुसता गोंगाट असतो. तो गोंगाट सर्व वारंवारतांवर सारखा (सपाट) करून साधारण ३५ ते ३५० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला की दोन कृष्णविवरांच्या मीलनाची, सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी, वाढत्या वारंवारतेची खूण आलेखात उठून दिसते. हे मुलांनी स्वतःच्या हाताने करावे.

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक, पुणे)

विदेचे सत्र अवश्य घ्यावे, मात्र मुख्य दोन दिवसांत घेऊ नये, त्याने बारा तरी व्याख्याने कमी होतील. आदल्या दिवशी दुपारी घ्यावे, आणि त्याआधी तासभर फळ्यावर केवळ मेट्रिक (अवकाश-काळातील अंतर मोजण्याचे सूत्र), वक्रता आणि लहरीची दोन ध्रुवीकरणे (ताण देण्याच्या दोन दिशा) एवढेच शिकवावे. सामान्य सापेक्षता न शिकलेल्या मुलांना पुढच्या दोन दिवसांत निदान शब्द ओळखीचे वाटतील.

प्रतिसाद (प्रश्नकर्ते)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सायंकाळच्या उद्घाटनाचा प्रस्ताव प्राचार्यांना पटला असून निबंधसंग्रह वगळण्याबाबत त्यांनी विचार करण्यास वेळ मागितला आहे. पितृपंधरवड्यात अंतर्गत परीक्षा येतात का, हे परीक्षा विभागाला विचारले आहे. गणित विभागप्रमुखांना सहसंयोजक होण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी आपल्या सहा संशोधक विद्यार्थ्यांची नावे तिथल्या तिथे लिहून दिली. एक प्रश्न शिल्लक आहे: उत्कृष्ट विद्यार्थी-व्याख्यानाच्या पारितोषिकासाठी परीक्षक नेमताना स्वतःचे विद्यार्थी बोलत असलेल्या मार्गदर्शकांचे काय करावे?

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक, पुणे)

तीनऐवजी पाच परीक्षक नेमावेत आणि स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण देऊ नयेत असे ठरवून सरासरी काढावी. पुरस्काराची रक्कम लहान असली तरी चालेल, पण निकाल शेवटच्या सत्रानंतर लगेच, सर्वांसमोर जाहीर करावा. दूरच्या मुलांच्या परतीच्या गाड्या पाहून ते सत्र चारपर्यंत आटोपते घेतलेले बरे.