बुद्धी तोकडी म्हणायची, तर मग ख्रिस्त खरा हे कशावरून ठरवायचं?

वावरातला_वाचक
नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातला आहे, यवतमाळला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. घर आजोबांपासून ख्रिस्ती, बाबा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत. खोलीवरचा मित्र नास्तिक आहे, पण जिवाला जीव देणारा. पोळ्याला गावी आला होता, तेव्हा म्हणाला, देव सिद्ध करून दाखव. मी म्हटलं, माणसाची बुद्धी तोकडी आहे, देव तिच्यात मावत नाही. त्यावर तो म्हणे, "मंग तुह्या तोकड्या बुद्धीले ख्रिस्तच खरा हे कसं समजलं? असं बोलून तर कोणताही बुवा खरा ठरते." मला काही बोलता आलं नाही. पाळकसाहेब म्हणाले प्रार्थना कर. ती करतोच आहे, पण उत्तरही पाहिजे.

तर्कनिष्ठ_अकोला
मित्र बरोबर आहे. देवाच्या अस्तित्वाचे पुरावे जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 मध्येच मोडीत काढले. 'माहीत नाही' म्हणणं जास्त प्रामाणिक.

निवृत्त_बाई
पोरा, तुझ्या मित्राचा प्रश्न चांगला आहे. त्याला टाळू नको.

'बुद्धी तोकडी आहे' ह्यातून ख्रिस्ती धर्म निघत नाहीच. निघतं ते एवढंच की, जे माझ्या बुद्धीत बसलं नाही ते अस्तित्वातच नाही, असं कोणाला म्हणता येत नाही. अकोल्याच्या भावांनी कांट अर्धाच सांगितला. पुरावे मोडणाऱ्या त्याच ग्रंथाच्या 1787 च्या आवृत्तीत तो लिहितो की, श्रद्धेला जागा मिळावी म्हणून मला ज्ञानाला हद्द घालावी लागली. त्याच्या मते देव नाही हेही तर्कानं सिद्ध होत नाही. अर्थात त्याची श्रद्धा नीतीपुरती होती. त्याला आपल्या बाकावर आणून बसवू नये.

ख्रिस्ती विचारवंतांनी ही हद्द स्वतःलाही लावली आहे. थॉमस अक्वायनसनं देवाकडे जाणारे तर्काचे पाच मार्ग मांडले. पण देव त्रिएक आहे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच, हे नुसत्या तर्कानं सिद्ध करायला निघणारा विश्वासाचं नुकसानच करतो, असंही त्यानंच लिहून ठेवलं. पास्कल तर पक्का गणिती. बुद्धीला बाहेर काढणं आणि बुद्धीशिवाय कशालाच आत न घेणं, ही दोन्ही टोकं त्याला चुकीची वाटली. देव असला तर सारं मिळतं, नसला तर फारसं काही जात नाही, म्हणून विश्वास ठेवावा, ही त्याची प्रसिद्ध पैज मात्र मला पटत नाही. ती कोणत्याही देवावर लावता येते, आणि तुझा मित्र नेमकं तेच म्हणतो आहे.

मग ख्रिस्तच का? माझ्या मते सगळा भार साक्षीवर आहे. बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र घे, अध्याय 15. वधस्तंभाच्या घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं हे लिखाण. पुनरुत्थित येशू कोणाकोणाला दिसला ते तो सांगतो: केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, मग पाचशेहून जास्त लोक, आणि त्यातले बरेच अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा. पुढे तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेशही फोल आणि तुमचा विश्वासही फोल. कोणता बुवा स्वतःची गादी अशी पणाला लावतो? 'हात लावून पाहीन तेव्हाच मानीन' म्हणणाऱ्या थोमा ह्या शिष्याला बाकीच्या शिष्यांनी हाकलून दिलं नाही. साक्ष तोलणं हे बुद्धीचंच काम आहे, तिथं तिला सुट्टी नाही.

आता मला जास्त लागतं ते सांगते. 2017 ला आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. आमच्या मंडळीतल्या एका बाईचा नवराही त्यातलाच. मातीहून परतल्यावर ओसरीत बसलेली ती विचारत होती, "ह्यायनं कोनाचं काय वाईट केलं होतं?" आणि एक भाऊ हातात पवित्र शास्त्र धरून म्हणाला, देवाची योजना आपल्या बुद्धीपलीकडं आहे, प्रश्न विचारू नये. तिनं पदर तोंडात धरला. त्या दिवशी मला फार राग आला, आणि तो अजून आहे. बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात, निर्दोष असून सारं गमावलेल्या ईयोबाशी देव वादळातून बोलतो आणि माणसाची बुद्धी किती आखूड ते दाखवतो, हे खरं. पण शेवटी त्याचा कोप कोणावर होतो? देवाच्या वतीनं कारणं सांगत बसलेल्या मित्रांवर! भांडणारा, जाब विचारणारा ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, असं देव म्हणतो. बुद्धीची मर्यादा आधी आपल्याला, विश्वास ठेवणाऱ्यांना लागू आहे. तिनं आपलं तोंड आवरावं. रडणाऱ्या बाईचं तोंड बंद करायला ती नाही.

तर्कनिष्ठ_अकोला
हे मनापासून पटलं. पण साक्षीचं काय? तत्त्वज्ञ ह्यूमनं 1748 मध्ये लिहिलं आहे की, चमत्कार खरा असण्यापेक्षा साक्ष खोटी असणं जास्त अद्भुत ठरेल, तेव्हाच ती साक्ष मानावी.

निवृत्त_बाई
भाऊ, आक्षेप वजनदार आहे. पण आजवर असं घडलं म्हणून उद्याही तसंच घडेल, हे तर्कानं सिद्ध करता येत नाही, हेही ह्यूमचंच म्हणणं. अनुभव नेहमी काय घडतं ते सांगतो. एकदाही वेगळं घडणार नाही, ह्याची हमी देत नाही. शिवाय देव असण्याची शक्यता आधीच शून्य धरली तर कोणतीही साक्ष हलकीच भरणार. ती शून्य धरायची की नाही, हाच तर आपला वाद आहे. साक्ष तुम्हाला बांधून टाकते असं मी म्हणत नाही. मी ती तोलली, मला ती खरी वाटली, आणि तिच्यावर मी आयुष्य टाकलं.

वावरातला_वाचक
बाई, खूप आभार. मित्राला हा धागा दाखवतो. आम्ही दोघांनी आधी काय वाचावं?

निवृत्त_बाई
मार्काचं शुभवर्तमान, लहान आहे, एका बैठकीत होतं. मग करिंथ 15. मग ईयोब, पण पूर्ण. आपले लोक पहिले दोन अध्याय वाचून थेट शेवटावर उडी मारतात. अध्याय 3 ते 31 मधली त्याची तक्रार गाळू नका. मित्राला जिथं पटणार नाही तिथं पेन्सिलीनं खूण करू दे, आणि त्या खुणा इथं टाका.