हँडब्रेकची केबल घरी बदलणारा गुन्हेगार नसतो

घाटमाथा:
परवा इथे एकाने लिहिलं की ब्रेकला हात लावणारे हौशी लोक म्हणजे चालता-फिरता धोका, हँडब्रेकची केबलसुद्धा अधिकृत वर्कशॉपमध्येच बदलावी आणि घरी बदलणाऱ्याचा विमा रद्द करावा. खाली टाळ्यांचा पाऊस पडला. त्याचं हे उत्तर.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी भांडी. हँडब्रेक म्हणजे दांडा, त्याला जोडलेल्या केबल्स आणि ड्रमच्या आत लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) पसरवणारी एक पट्टी. ब्रेक ऑइलशी याचा काडीचा संबंध नाही. पाइप सोडायचा नाही, हवा काढायची नाही. पाना धरता येतो आणि क्रम पाळता येतो त्याला हे काम जमतं.

माझा राग वेगळाच आहे. दांडा फार वर येतो म्हणून गाडी दाखवली की पोरगं येतं, दांड्याखालचं कव्हर उघडतं, नट आवळतं आणि बिल देतं. ड्रम काढून लायनर किती उरलेत हे बघायची तसदी कुणी घेत नाही. झिजलेल्या लायनरवर केबल आवळली की आतली पट्टी मूळ जागी परत जात नाही, लायनर झिजतील तसं अंतर भरून काढणारा अॅडजस्टर काम करेनासा होतो आणि पायाचा पेडलही खोल जायला लागतो. आधी लायनर आणि ड्रममधलं अंतर, मग केबल. हा क्रम पाळणारा माणूस घरचा असला काय आणि वर्कशॉपातला असला काय!

सुरक्षित_अंतर:
ती पोस्ट माझीच होती आणि मी त्यावर ठाम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९६ वा नियम वाचा. पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणा गाडीला बंधनकारक आहेत. तेल संपलं, पेडल खाली गेला, तर माणसाच्या हातात तो दांडाच उरतो. आणि तुम्ही तो रविवारच्या विरंगुळ्याला देताय?

जॅकबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. आमच्या गल्लीत एक मुलगा स्टेपनी बदलायच्या जॅकवर गाडी उचलून खाली झोपला होता. केबल सोडायची म्हणून हँडब्रेक खाली. गाडी पुढे सरकली, जॅक कलंडला. मुलगा वाचला, पण त्याच्या आईचा चेहरा मी पाहिलाय. तुमचा क्रम मला शिकवू नका.

घाटमाथा:
जॅकचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो लिहायलाच हवा होता असं तुमचं म्हणणं असेल तर घ्या, लिहितो. डिकीतला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. खाली जायचं तर दोन्ही बाजूंना जॅकस्टँड, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणारे पक्के लोखंडी पाय हवेत, जमीन सपाट आणि पक्की हवी. मागची चाकं उचलल्यावर हँडब्रेक ओढलेला असूनही उपयोग नसतो. गाडीला पुढची चाकंच धरतात, म्हणून (इंजिन पुढची चाकं फिरवतं अशी गाडी असेल तर) ती पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावायचे. ड्रम निघालेला असताना कुणीही पेडल दाबायचा नाही, नाहीतर सिलिंडरमधले दट्टे बाहेर येतात आणि मग खरंच ऑइलचं काम निघतं. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकायची नाही.

पण त्या मुलाचा अपघात जॅकचा होता, केबलचा नाही. तसंच चाक बदलतानाही होतं. मग स्टेपनीही वर्कशॉपातच बदलायची का?

पाना_दहा:
मी अनेक वर्षं स्वतःच करतो. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: बॅकप्लेटमधून (ड्रममागच्या न फिरणाऱ्या थाळीतून) केबल बाहेर काढताना तिच्या स्प्रिंगच्या पाकळ्या दाबता दाबता बोटं सोलतात. त्यावर बेताच्या मापाचा रिंग पाना सरकवा, सगळ्या पाकळ्या एकदम मिटतात आणि केबल सुटते. ड्रम अडकला असेल तर ठोकू नका, बऱ्याच मारुतींच्या ड्रमवर आटे असलेली दोन भोकं असतात, त्यात ८ मिलीमीटरचे बोल्ट आलटून पालटून सारखेच आवळत गेलं की ड्रम आपोआप पुढे येतो. जुनी केबल काढण्याआधी तिचा रस्ता मोबाइलवर टिपून ठेवा. एक क्लॅम्प लावायचा राहिला की केबल सायलेन्सरला टेकते आणि कव्हर वितळतं. नवी केबल थोडी ताणते, म्हणून दांडा बऱ्याचदा पूर्ण ओढून सोडून मगच शेवटचा नट लावा.

बाकी आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये पाना दिसला तरी दंड लावायचा ठराव केलाय. तेच लोक बाहेरचा वॉशिंगवाला आणून फरशीवर फेस सोडतात, ते चालतं. माणसाने स्वतःच्या गाडीखाली कुठे जायचं, रस्त्यावर?

काजूबाग:
तुम्ही घाटावरचे लोक केबल ताणते म्हणून बदलता, आमच्याकडे ती गंजते म्हणून बदलावी लागते. रत्नागिरीत खारी हवा आणि चार महिने पाऊस. कव्हरला बारीकशी चीर पडली की पाणी आत जातं, आतली तार गंजून अडकते, दांडा खाली केला तरी एका बाजूचं चाक जाम. ड्रमला हात लावून बघा, भाजतो. म्हणून सांगतो, पावसाळ्यात रात्री हँडब्रेक ओढूच नका. सकाळी लायनर ड्रमला चिकटलेले असतात. गिअरमध्ये टाका आणि झोपा.

उतारावरची:
काजूबाग दादा, असे सल्ले सरसकट देऊ नका हो! मी पाचगणीला राहते. आमच्याकडे सपाट जागा फक्त टेबललँडवर आहे. भाचा तुमच्यासारखंच म्हणायचा, गिअर पुरेसा. कुंभार्ली घाटात चहाला थांबला, गाडी उतारावर फक्त गिअरमध्ये. माणसं उतरताना गाडी हलली, इंजिन एक-एक टप्पा घेत फिरलं आणि गाडी समोरच्या टेम्पोला लागली. टेम्पो नसता तर पुढे काय होतं ते चिपळूणकरांना सांगायला नको.

काजूबाग:
ताई, घाटात कोण म्हणतंय? मी घराच्या अंगणाबद्दल बोललो. भाच्याचा गिअर नीट पडला नसेल. आमच्या वडिलांनी आयुष्यभर पावसाळ्यात हँडब्रेक लावला नाही.

उतारावरची:
"अंगण" हा शब्द तुमच्या प्रतिसादात कुठे आहे ते दाखवा. लिहिलंय "ओढूच नका". एखादा नवशिका वाचून महाबळेश्वरला जाईल. आणि वडिलांच्या अंगणाला उतार नव्हता, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

उतारावर आधी पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक ओढायचा, मग न्यूट्रलमध्ये पाय सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा, तो धरतोय हे बघून मग गिअर. चढाला तोंड असेल तर पहिला, उताराला तोंड असेल तर रिव्हर्स. पुढची चाकं अशी वळवायची की सुटलीच तर गाडी डोंगराकडे जाईल, दरीकडे नाही. ऑटोमॅटिकवाले तर थेट पी (पार्क) मध्ये टाकून उतरतात, सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दात्यावर.

सुरक्षित_अंतर:
बघा! केबलवरून सुरू झालं आणि इथल्या निम्म्या लोकांना हँडब्रेक कधी लावायचा यावरच एकमत नाही. आणि म्हणे घरी बदला.

घाटमाथा:
एकमत नाही, कारण गंजलेली केबल आणि उतार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चिकटतो म्हणून ब्रेक लावायचाच नाही हा उपाय नव्हे. कव्हर फाटलेली केबल पावसाआधी बदला. काजूबाग, तुमच्याइतकी ही गरज कुणालाच नाही. सपाट अंगणात गिअर आणि ठोकळा चालेल, उतारावर ताईंचंच बरोबर.

काजूबाग:
ठीक आहे, अंगणापुरतं म्हणतो. पण केबल दर दोन पावसाळ्यांनी बदलायला लागली तर मी वर्कशॉपला का पैसे मोजू? तेवढ्यापुरता मी घाटमाथांच्या बाजूने.

सुरक्षित_अंतर:
आणि ज्या नव्या गाड्यांत बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे, त्यांचं काय? तिथे ब्रेकची मोटर मागे घेतल्याशिवाय पॅडसुद्धा बदलता येत नाहीत, आणि त्याला बऱ्याचदा स्कॅनर लावावा लागतो.

घाटमाथा:
त्या गाड्यांना घरी हात लावू नये, हे मान्य. मी केबलबद्दल लिहिलं होतं.

सुरक्षित_अंतर:
मग मीही एवढंच मान्य करतो की लायनर न बघता नट आवळणं चूक आहे, ते कुणीही करो. विम्याचं वाक्य मागे घेतो. जॅकस्टँड नसलेल्या माणसाने हात लावू नये, यावरून मी हटणार नाही. आणि काम झाल्यावर चाचणी कशी घेता ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

पाना_दहा:
मागची चाकं वर असतानाच दांडा खाली करून दोन्ही चाकं हाताने फिरवायची, कुठेही घासता कामा नयेत. मग एकेक खटका वर घ्यायचा आणि दोन्ही चाकं एकाच वेळी धरतात का बघायचं. किती खटक्यांवर पूर्ण धरायला हवं ते गाडीच्या पुस्तकात असतं, ते बघा, अंदाज नको. मग खाली उतरवून चढावर, मागे मोकळी जागा आणि पाय पेडलवर तयार ठेवून.

उतारावरची:
चढावर तोंड वर आणि तोंड खाली, दोन्ही बाजूंनी. बरेच जण एकाच बाजूने बघतात.