नेब्रास्का पहिल्या दहांत? कुठल्या हिशेबाने?

शनिवारवाडा:
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमधली कोणती प्रशिक्षकपदे सर्वांत आकर्षक याची क्रमवारी लावणारी 'लिंकनकर' यांची नोंद वाचली. १९६२ पासून मैदानावरचे प्रत्येक तिकीट विकले गेले आहे, एवढ्या भांडवलावर त्यांनी नेब्रास्का विद्यापीठाला पहिल्या दहांत बसवले आहे, आणि आता मात्र राहवत नाही. प्रेक्षक चेंडू पकडत नाहीत. प्रशिक्षकाला हवी असतात ती सतरा-अठरा वर्षांची धिप्पाड, चपळ मुले, आणि जेमतेम वीस लाख वस्तीच्या राज्यात ती पुरेशी मिळत नाहीत. लुइझियाना पाहा. तिथे एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) मुले मिळवण्यात राज्यात तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नाही, म्हणूनच निक सेबन (२००३), लेस माइल्स (२००७) आणि एड ऑर्जेरॉन (२०१९) या लागोपाठच्या तिन्ही प्रशिक्षकांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तिघांच्या तीन तऱ्हा. म्हणजे गुण माणसाचा जेवढा, तेवढाच खुर्चीचा.

लिंकनकर:
खुर्चीचा गुण सांगितलात, तसा तिच्यातला खिळाही सांगायचा होता. माइल्स यांना २०१६ चा हंगाम जेमतेम सुरू झाला असताना काढले, ऑर्जेरॉन विजेतेपदानंतर दोनच हंगामांनी गेले, आणि २०२५ मध्ये ब्रायन केली यांनाही अर्ध्यावरून निरोप मिळाला. राज्यात मुले नाहीत, हे नेब्रास्काचे तेव्हाचे प्रशिक्षक टॉम ऑस्बॉर्न यांना बहुधा कुणी कळवले नसावे. त्यांच्या १९९४ आणि १९९५ च्या राष्ट्रीय विजेत्या संघांतला खेळाडू टॉमी फ्रेझर फ्लोरिडातून आला होता. मी नेब्रास्का विद्यापीठाच्या गावी, लिंकनला, शिकत असताना माझ्या घरमालकीणबाई दिवंगत यजमानांच्या जागेचे तिकीट दरवर्षी काढत असत. एका शनिवारी त्यांनी मला त्या जागेवर बसवले आणि यजमानांचा लाल कोट अंगावर दिला. बाह्या माझ्या बोटांखाली चार इंच लोंबत होत्या. ही माया कोणत्या कोष्टकात मांडणार?

शनिवारवाडा:
बाईंना माझा नमस्कार. त्याच मायाळू गावाने २००३ मध्ये नऊ सामने जिंकून देणाऱ्या प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना घरी बसवले. पुढच्याच वर्षी विजयांपेक्षा पराभव जास्त झाले, जे १९६१ नंतर कधी घडले नव्हते.

गळके छत:
आपण दोघेही मूळ रोगाला हात घालत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढताना साडेसात कोटी डॉलरांहून अधिक भरपाई कबूल केली. काम न करण्याचे एवढे पैसे मिळत असतील, तर ते पद आकर्षक का, यावर चर्चा कसली? मी दुसऱ्या एका सरकारी विद्यापीठात शिकवत होतो. प्रयोगशाळेच्या छतातून गळणाऱ्या पाण्याखाली मी दोन सत्रे स्वतः विकत आणलेली बादली ठेवत होतो.

शनिवारवाडा:
ते पैसे क्रीडाविभागाचे आणि देणगीदारांचे होते, शिक्षणशुल्काचे नव्हते. विद्यापीठाने तसे तेव्हाच सांगितले होते.

गळके छत:
तेच तर म्हणतो आहे! त्या देणगीदारांना बादली का दिसत नाही? आणि शिकवण्याच्या सुरात बोलू नका, अर्थसंकल्प मलाही वाचता येतो.

लिंकनकर:
बादलीचा स्वतंत्र धागा काढावा, ही नम्र विनंती.

गळके छत:
आपल्या लाल कोटाचा काढला होता का?

आयोवाची सून:
आमच्याकडे प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ १९९९ पासून आहेत. राज्य तसेच मक्याचे, मुले तशीच मोजकी, राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही, तरीही इतक्या वर्षांत त्यांना कुणी उठवले नाही. प्रशिक्षकाची मुले एकाच गावात शाळा पूर्ण करतात, हे तुमच्यापैकी एकाही पुरुषाला मोजावेसे वाटले नाही. माझ्या वडिलांच्या बदल्यांमुळे मी पाच शाळा पाहिल्या आहेत.

लिंकनकर:
ताईंचा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो शेजारच्या राज्याने शिकवावा याचे वाईट वाटते. पण 'शनिवारवाडा' यांचा भूगोल आता जुना झाला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना नावाचे आणि छबीचे पैसे घेता येतात, २०२५ पासून विद्यापीठे थेट देतात, आणि संघ बदलणेही सोपे झाले आहे. इंडियानाने २०२३ मध्ये तीन सामने जिंकले होते. कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले, त्यांच्यामागून जुन्या संघातली बरीच मुले आली, आणि २०२४ मध्ये अकरा जिंकले. ती काय इंडियानाच्या शेतात उगवली होती?

शनिवारवाडा:
इंडियाना मान्य. मनापासून नव्हे, पण मान्य. तरीही पैसे सगळेच देऊ लागले, की मुलगा आईच्या घरापासून दोन तासांवर खेळणेच पसंत करील. नेब्रास्काला पंधरावा क्रमांक देतो; दहांत नाही.

लिंकनकर:
पंधरावा! नोव्हेंबरमधल्या एखाद्या सामन्याला या, तिकीट मी काढतो. कोट मात्र स्वतःचा आणा.