मदत हवी आहे : गावठाणातली बंद घरं भाड्याने देण्याचा करार

पुण्यातून भोरकडच्या गावांत राहायला येऊ पाहणाऱ्या कुटुंबांसाठी बंद घरांची यादी करतोय. गावाची जाहिरात नंतर, आधी राहण्याजोगं घर हवं. अडतं ते कागदावर: नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरांच्या कर आकारणी नोंदीला) अजून आजोबांचंच नाव, वारस पाच-सहा, निम्मे बाहेरगावी. भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू असेल तिथे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, म्हणजे एक सही राहिली की सगळं थांबतं. तोवर कौलं सरकतात, पाणी भिंतीत मुरतं, वाशांना वाळवी लागते.

एका वारसाला कुलमुखत्यारपत्र देऊन कुणी ११ महिन्यांचा करार केलाय का? वारसनोंद आधी केली होती का? दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करायचं कलम कसं लिहिलं? शाळेचा पट टिकवायचा तर जूनआधी दोन तरी घरं उघडायला हवीत. मसुदा असल्यास कृपया टाका.