समुद्राकाठच्या घरासाठी सोफ्याची चौकट कोणत्या लाकडाची करावी? तातडीने मदत हवी आहे

अबोली
नमस्कार. आमच्या गावच्या घरातील तीन आसनांचा सोफा अवघ्या चार वर्षांत निकामी झाला असून गणपतीपूर्वी नवा करून घ्यायचा आहे. सुतार साग सुचवतो, दीर म्हणतात की सागावर पैसे घालण्यापेक्षा प्लायवूड घ्यावे, आणि शेजारच्या काकूंच्या मते फणसासारखे लाकूड नाही. सोमवारी सुताराला निर्णय कळवायचा आहे. घर समुद्राजवळ असल्याने हवा दमट असते, एवढी माहिती पुरेशी व्हावी. कृपया एकाच लाकडाचे नाव सांगावे. "बजेटवर अवलंबून आहे" अशी उत्तरे मला आधीच पुष्कळ मिळाली आहेत.

खारा_वारा
साग. दुसरा विचारही करू नये. आजोबांनी करून घेतलेला सागवानी बाक आमच्या हर्णैच्या पडवीत आजही उभा आहे आणि त्याचा एकही पाय डगमगत नाही.

रंधा
अबोलीताई, नाव सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. सोफा निकामी झाला म्हणजे सांधे सुटले, लाकूड कुजले की कीड लागली? घरात बारा महिने राबता आहे की कुलूप असते? गाद्या सुट्या होत्या की चौकटीवर ठोकलेल्या?
खारा_वारा, आजोबांच्या वेळचा साग आणि आज वखारीत मिळणारा लागवडीचा कोवळा साग यांत मोठा फरक आहे. साग टिकतो तो त्याच्या गाभ्यातील तेलामुळे. सालीलगतचा पांढरा भाग वाळवीला आणि किडीला इतर कोणत्याही लाकडाइतकाच आवडतो, आणि कोवळ्या झाडात तोच जास्त असतो. माझे वडील सुतार होते. सागाच्या नावाखाली विकलेल्या पांढऱ्या पट्ट्या त्यांनी किती वेळा परत पाठवल्या, याची गणती नाही.

अबोली
बसल्यावर मधली पट्टी खाली गेली आणि सोफा मोडला, आणखी काय सांगू? आम्ही पुण्याला असतो, घरी जाऊन-येऊन असतो.

म्हापशाची_सई
बंद घरात गाद्यांना बुरशी येते. अभ्रे सुती ठेवावेत, पावसाळ्याआधी गाद्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवाव्यात आणि रेक्झिन मुळीच वापरू नये. आम्ही गाद्यांखाली कडुनिंबाचा वाळलेला पालाही पसरतो.

चौरस_इंच
प्रश्न चौकटीचा आहे, गाद्यांचा नाही. माझे मत स्पष्ट आहे की आयएस ७१० (भारतीय मानक) छाप असलेले मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारे, प्लायवूड घ्यावे. त्याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून होते. मी स्वतः एक तुकडा कुकरमध्ये उकळून पाहिला आहे. एकही पापुद्रा सुटला नाही.

रंधा
प्लायवूड बैठकीच्या फळीला उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण चौकटीत स्क्रू बहुधा प्लायवूडच्या कडेत बसतो, तिथे त्याला पकड मिळत नाही, आणि माणसे बसून-उठून तो सैल होत जातो. कुकरमध्ये कोणी बसत नाही, हाही मुद्दा लक्षात घ्यावा.

चौरस_इंच
विनोद समजला. कोपऱ्यात आतून लाकडाचे त्रिकोणी ठोकळे दिले की पकडीचा प्रश्न सुटतो. आमच्या वसईच्या घरी याच पद्धतीने केलेला सोफा नऊ वर्षे टिकला आहे.

माडाची_सावली
कोकणात राहून साग आणि प्लायवूड यांवर वाद चालावा, याची गंमत वाटते. आईन आणि किंजळ ही इथली लाकडे विसरलात का? आमच्या मालवणच्या घराचे वासे आईनाचेच आहेत. शिवाय चौकटीला खालून काजूच्या टरफलांचे तेल पाजले की वाळवी फिरकत नाही. होड्यांना तेच लावत आले आहेत. मात्र हातमोजे घालावेत, कारण त्या तेलाने कातडीला फोड येतात.

रंधा
तेलाबद्दल सहमत आहे, फक्त अंगाला किंवा कापडाला लागेल अशा जागी ते नको. आईन वाशाला उत्तम, पण जड असतो, वाळताना पिळवटतो आणि हत्यारांची धार खातो. सोफ्याच्या दीड इंची पट्टीत तो वाकला तर चारही पाय एका वेळी जमिनीला टेकणार नाहीत.
ताई, एक विनंती आहे. सोफा उलटा करून तळाचे काळे कापड फाडावे आणि आत काय दिसते ते लिहावे. पूड असेल तर ती पिठासारखी आहे की खसखशीच्या दाण्यांसारखी, आणि कुठे मातीच्या नळ्या आहेत का, हेही पाहावे.

अबोली
शनिवारी दिवेआगरला आले आणि सांगितल्याप्रमाणे पाहिले. कापड फाडताच मैद्यासारखी पूड मांडीवर सांडली. मधल्या पट्टीला टाचणीच्या डोक्याएवढी असंख्य भोके आहेत आणि नखाने दाबले तरी लाकूड आत जाते. लाकूड फिकट, पांढरट आहे. मातीच्या नळ्या कुठेही नाहीत. सांध्यांत स्क्रू नाहीतच, नुसत्या पिना मारल्या आहेत, आणि त्या गंजून बोटाने ओढल्या तरी निघतात. हा सोफा पुण्यातील एका मोठ्या दुकानातून "अस्सल हार्डवुड" म्हणून घेतला होता. घर वर्षातून साधारण दहा महिने बंद असते. हे आधी लिहायला हवे होते, असे आता वाटते.

रंधा
म्हणजे वाळवी नव्हे. जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या करते आणि कोरड्या लाकडात राहणारी दाणेदार विष्ठा टाकते. मैद्यासारखी पूड आणि बारीक भोके ही लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची खूण आहे. त्याच्या अळ्या पांढऱ्या भागातील पिष्टावर जगतात. वर्णनावरून लाकूड रबराच्या झाडाचे वाटते. कीड रोखणारे बोरॅक्स आणि बोरिक आम्ल आतपर्यंत न मुरवता ते लाकूड वापरले की हे असेच होते.
दुसरी गोष्ट ओलाव्याची. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली की लाकडातील ओलावा हळूहळू १७-१८ टक्क्यांवर जातो. पुण्यात १० टक्क्यांवर वाळवून जोडलेली चार इंच रुंदीची पट्टी तुमच्याकडे पावसाळ्यात जवळजवळ मिलिमीटरभर फुगते आणि उन्हाळ्यात पुन्हा आकसते. पिनांचे सांधे दरवर्षीची ही ओढाताण सोसत नाहीत. त्यामुळे सांधे खाच आणि कुसू करूनच (एका पट्टीचे कोरलेले टोक दुसरीच्या खाचेत बसवून) हवेत, सरस पाण्याला टिकणारा हवा, आणि स्क्रू घालायचेच तर ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण ३०४ प्रतीच्या स्टीललाही खाऱ्या हवेत डाग पडतात.

खारा_वारा
थोडक्यात, सागच.

माडाची_सावली
ताई, परसात जुना फणस असेल तर तोच तोडून वापरा. घरचे लाकूड ते घरचे.

चौरस_इंच
असा सल्ला देऊ नये. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, आईन, किंजळ, आंबा आणि फणस आहेत, त्यामुळे स्वतःच्या जागेतील झाडालाही परवानगी लागते. शिवाय आज तोडलेले ओले लाकूड गणपतीपर्यंत वाळणार कसे?

अबोली
फणस तोडायचा नाही. आमचा फणस ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पडला, त्याच्या फळ्या सासऱ्यांनी तेव्हाच कापून माळ्यावर मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या आहेत. काकू त्याबद्दलच बोलत होत्या. पण त्या जुन्या झाल्या असतील म्हणून मी लिहिले नाही.

रंधा
ताई, घरात वाळलेले लाकूड असताना आम्ही चार दिवस वखारीत फिरत होतो! जुन्या झाल्या हाच त्यांचा गुण आहे. इतकी वर्षे त्याच हवेत राहिलेले लाकूड आता फारसे हलणार नाही. फणसाचा पिवळा गाभा वाळवीला आणि बुरशीला चांगला तोंड देतो. प्रत्येक फळीची सालीकडची पांढरी कड काढून टाकावी, टोकाला भेगा असतील तेवढा भाग कापावा, आणि ज्या फळीवर बारीक भोके दिसतील ती घेऊच नये. बैठकीला मधोमध एक जास्तीचा पाय द्यावा. पॉलिश सहाही बाजूंना लावावे, केवळ दिसणाऱ्या बाजूंना नव्हे. लाखेचे पॉलिश दमट हवेत पांढरे पडते, म्हणून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरे. तळाला कापड मारू नये, आणि सोफा जांभ्याच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावा. जुना सोफा मात्र आजच घराबाहेर काढावा, नाहीतर भुंगे घरातल्या दुसऱ्या पांढऱ्या लाकडात शिरतील.

चौरस_इंच
बैठकीची फळी तरी मरीन प्लायवूडचीच घ्यावी.

अबोली
सुताराला आत्ताच माळ्यावर नेऊन फळ्या दाखवल्या. अकरांपैकी दोन बाद झाल्या, उरलेल्या तीन आसनांना पुरतील असे तो म्हणतो. बैठकीला मरीन प्लायवूडच घेणार आहे, त्यामुळे दीरही खूश आहेत. फक्त फणस फार पिवळा दिसतो म्हणून सुतार त्यावर सागाचा रंग चढवू पाहतो आहे. चढवू द्यावा का?

रंधा
नको. हवेने आणि उजेडाने फणस आपोआप तपकिरी होत जातो.