'सेशन'ला सत्र की बैठक? आणि 'इनहिबिटर'ला काय?

पाटीपेन्सिल: लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर सेशन, म्हणजे लॉगिन ते लॉगआउटपर्यंतचं काम, संपवणारी आज्ञा आहे ग्नोम-सेशन-क्विट. तिचा मदत-मजकूर मराठीत करतोय. लॉगआउट, रीबूट, पॉवर-ऑफ हे पर्याय झाले. अडलोय 'फोर्स'पाशी. मुळात एवढंच आहे: 'इग्नोर एनी इनहिबिटर्स'. फाइल कॉपी होत असली की तो प्रोग्राम सेशनला बजावून ठेवतो, आत्ता बंद करू नका. ते बजावणं म्हणजे इनहिबिटर. मी 'प्रतिबंधक' लिहिलं, तर तपासणारा मित्र म्हणाला, लस आठवते. सेशनला 'सत्र' लिहिलंय.

कौलारू: 'अडसर' घ्या. आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या दाराला अजून आहे. भिंतीतल्या खोबणीतून लाकडी दांडा ओढायचा आणि समोरच्या खाचेत बसवायचा. लावणारा आतला. तुमचा प्रोग्रामही आतूनच लावतो. फोर्स म्हणजे 'अडसर न जुमानता'.

शाईदौत: अडसर आवडला, सत्र मात्र नको. मी कॉलेजात लिनक्स शिकवते. पडद्यावर 'सत्र समाप्त' बघून एक मुलगी घाबरून म्हणाली, "मॅडम, सबमिशनची तारीख गेली?" मुलांचं सत्र सहा महिन्यांचं असतं. सरळ 'सेशन' ठेवा.

नैमिष: का म्हणून? सत्र आलंय 'सद्' धातूवरून, सद् म्हणजे बसणे. जुनं लेखन सत्त्र. इंग्रजी सेशनही लॅटिनमधल्या 'बसणे'वरूनच, दोन्ही धातू एकाच मुळाचे. महाभारताच्या आरंभी शौनकांचं सत्र १२ वर्षांचं आहे, त्यापुढे सहा महिने काय! घरात सख्खा शब्द असताना उसना कशाला?

तंबोरा: बसणंच हवं तर 'बैठक' घ्या, 'उपविष्ट'वरून आलेली. गाण्याची बैठक जमते, रंगते, मोडते. लॉगिनसीटीएल या लिनक्सच्या सेशन सांभाळणाऱ्या आज्ञेला लिस्ट-सेशन्स विचारलं की कोण कोण बसलंय ते कळतं. 'दोन बैठका चालू' हे लगेच समजतं.

शाईदौत: आणि लॉक-सेशन? 'बैठकीला कुलूप' म्हटलं तर आमच्याकडे दिवाणखान्याला कुलूप लागेल. शिवाय बैठकीला चार माणसं लागतात, इथे एकटा माणूस बसलेला.

तंबोरा: एकट्याचीही असते. "त्याची बैठक पक्की आहे" म्हणतोच ना आपण?

नैमिष: ती अभ्यासाची बैठक, अर्थ निराळा.

पाटीपेन्सिल: मंडळी, इनहिबिटर राहिला. अडसराबद्दल एक शंका आहे. अडसर आतल्याने काढल्याशिवाय दार उघडत नाही. इथे इशारा दिसतो, तरी वापरणारा "बाहेर पडायचंच" म्हणू शकतो.

कौलारू: वापरणाराही आतलाच की! त्याने अडसर काढला, एवढंच. मी एकदा घाईत फोर्स दिला होता. पेनड्राइव्हवर आईच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग जात होतं, ते अर्ध्यावर तुटलं. मूळ प्रत होती म्हणून निभावलं. म्हणून म्हणतो, शब्द असा हवा की वाचताना हात थबकेल. 'दुर्लक्ष करा'ने थबकत नाही.

पाटीपेन्सिल: हे पटलं. मग 'नो-प्रॉम्प्ट'ला 'न विचारता' बरं का? तो फक्त लॉगआउटबरोबर चालतो, तेही लिहावं लागेल.

नैमिष: लिहा. पण अन्नसत्राला तुम्ही अन्नबैठक म्हणणार का, ते तंबोरांनी आधी सांगावं.

तंबोरा: अन्नसत्रात पंगत बसते, नैमिष. बसणं आलंच.